डाव्या हाताचा नियम

तालुक्याहून शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांची भेट ठरली की आमच्या वर्गात एक नियम लागू व्हायचा. प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. ज्याला उत्तर येत असेल त्यानं उजवा, येत नसेल त्यानं डावा. मागे बसलेल्या साहेबांना सगळा वर्ग हुशार दिसायचा आणि शिक्षकाला कुणाला उठवायचं ते बिनचूक कळायचं.

हा नियम मी शोधून काढलेला नाही. नोकरीच्या सुरुवातीला मी नांदेड जिल्ह्यात, उमरी तालुक्यातल्या एका गावी होतो. तिथल्या एका जुन्या गुरुजींनी चहा पिता पिता तो मला सांगितला होता. पोरांना तोंडानं खोटं बोलायला लावू नये, त्यानं पोरं बिघडतात, असं त्यांचं म्हणणं होतं. हातानं बोललं तर चालतं. मला ते फार शहाणपणाचं वाटलं. पुढे आंतरजिल्हा बदली मिळून मी लातूर जिल्ह्यात आलो, रेणापूर तालुक्यातल्या या शाळेत रुजू झालो, तेव्हा सामानासोबत तो नियमही घेऊन आलो.

शाळा पहिली ते सातवी. पाचवी, सहावी, सातवीचं इंग्रजी माझ्याकडे. माझं स्वतःचं इंग्रजी गाइडातून आलेलं आहे, हे आधीच सांगून टाकतो. मी लातुरात शिकलो. उत्तरं पाठ करून, घोटून, पुन्हा पुन्हा लिहून मी वर आलो. इंग्रजीतल्या गोष्टीला एकापेक्षा जास्त उत्तरं असू शकतात, हे बी.ए. होईपर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी घाबरलो असतो.

तरी मी मन लावून शिकवत होतो. शब्द पाठ होतात पण राहत नाहीत, म्हणून वर्गात एक सुतळी बांधली होती आणि तिला शब्दांच्या चिठ्ठ्या लटकवल्या होत्या. रोज घरी जाताना प्रत्येकानं एक चिठ्ठी काढून न्यायची आणि तो शब्द आपल्या घरात, रानात, गल्लीत कुठं सापडतो ते दुसऱ्या दिवशी येऊन सांगायचं. पोरांना हे आवडायचं. 'स्टबर्न' नेलेल्यानं आपल्या बैलाचं वर्णन केलं, 'प्रेशस' नेलेलीनं आजीच्या दाताच्या कवळीचं. 'रिलक्टंट' हा शब्द सातवीतल्या एका मुलीच्या वाट्याला आला होता. मन मागे ओढतं, तयार नसतं, असा त्याचा अर्थ मी सांगितला होता. ती दुसऱ्या दिवशी उभी राहिली आणि म्हणाली, "माय मदर इज रिलक्टंट टू सिट ऑन द चेअर."

तिची आई आमच्याच शाळेत खिचडी शिजवायला होती. ऑफिसात कशाला आली तर चौकट धरून उभी राहायची. मुख्याध्यापक बसा म्हणायचे, ती न्हाई म्हणायची. रोज डोळ्यांसमोर होतं, पण मला त्यात शब्द दिसला नव्हता. मी त्या दिवशी त्या मुलीला शाबास म्हणालो. मनापासून म्हणालो, हे इथं लिहून ठेवावंसं वाटतं, कारण पुढं मी तिच्याशी जे वागलो ते राग म्हणून वागलो नाही. भीतीनं वागलो.

भीती सुरू झाली ती चुका शोधण्याच्या तासाला. शेजाऱ्यानं लिहिलेलं वाचायचं, चूक वाटेल तिथं पेन्सिलीनं हलकी रेघ मारायची, दुरुस्त करायचं नाही, ज्याचं त्यानं करायचं, अशी पद्धत मी घातली होती. पोरं आपल्या चुकांपेक्षा दुसऱ्याच्या चुकांवर डोळ्यांत तेल घालून बसतात, त्याचा फायदा. एकदा त्या मुलीची शेजारीण तक्रार घेऊन आली. हिनं माझ्या उत्तरावर रेघा मारल्यात, आणि मी तर फळ्यावरून जसंच्या तसं उतरवलंय. मी पाहिलं. रेघा बरोबर होत्या. चूक फळ्यावर होती, म्हणजे माझी होती. मी म्हणालो, फळ्यावरचं तपासायचं नसतं, बसा. मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाल्यावर मी फळा पुसून ते वाक्य पुन्हा लिहिलं. परत आल्यावर त्या मुलीनं फळ्याकडे पाहिलं आणि काही बोलली नाही. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर आली नावाड्याची गोष्ट.

पुस्तकातली ती गोष्ट साधीच आहे. एका गावाला नदी असते. एक म्हातारा नावाडी लोकांना आयुष्यभर पलीकडे नेतो. मग पूल होतो, नावेचं काम संपतं, म्हातारा नाव विकून टाकतो आणि मुलाकडे राहायला लागतो. तरी रोज दुपार कलली की तो नदीवर जाऊन बसतो आणि दिवे लागले की परत येतो. खाली प्रश्न होता, म्हातारा रोज नदीवर का जातो? गाइडात उत्तर होतं, बिकॉज ही लव्हज द रिव्हर. मी तेच फळ्यावर लिहिलं.

मुलीनं हात वर केला आणि मराठीतच म्हणाली, "नदीसाठी न्हाई जात, सर. घरी थांबू वाटत नसंल त्याला."

कशावरून, असं मी विचारलं. विचारायला नको होतं. ती म्हणाली की सून त्याच्या जेवणाची वाटी उंबऱ्यावर ठेवते असं गोष्टीत आहे, आत या म्हणते असं नाही. वर्ग हसला. एकीनं मागून, "आली मोठी सुनेची सासू," म्हणून टोमणा मारला. मी पुस्तकात पाहिलं. ते वाक्य होतं. मी तो धडा चार-पाच वर्षं शिकवत होतो आणि ते वाक्य मला दरवर्षी नुसतं वाचून दाखवायचं वाक्य वाटत आलं होतं. मी तिला म्हणालो की परीक्षेत नदीवरचं प्रेम हेच लिहायचं. ती बसली.

हिवाळ्यात साहेबांच्या भेटीचा निरोप आला. या भेटीवर आमचं बरंच अवलंबून होतं. रेणापूरच्या इंग्रजी शाळेची पिवळी व्हॅन आता रोज सकाळी आमच्या गावात येऊन उभी राहायची आणि पट दरवर्षी उतरत होता. इंग्रजीचा शेरा चांगला पडला तर मुख्याध्यापक तो पालकांच्या बैठकीत वाचून दाखवणार होते. तयारी सुरू झाली. नावाड्याची गोष्ट नमुना पाठासाठी घ्यायची असं ठरलं, कारण तिची उत्तरं सगळ्यांना चांगली पाठ होती.

सराव करताना त्या मुलीचा उजवा हात सगळ्यांच्या आधी वर यायचा. मला तो हात दिसला की पुढचं सगळं दिसायला लागायचं. ती साहेबांसमोर सुनेचं काढेल, साहेब मला पुढचा प्रश्न विचारतील, आणि त्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच गाइडात नसेल. एका दुपारी मी तिला वर्गाबाहेर बोलावलं आणि भेटीच्या दिवशी डावा हात वर करायला सांगितलं.

"पण मला येतंय, सर."

मी म्हणालो, येतंय, पण तुझं उत्तर लांबतं. त्या दिवशी वेळ कमी असेल.

"हाव, सर," ती म्हणाली.

एवढंच झालं. त्यात आवाज चढवणं नव्हतं, रागावणं नव्हतं. मी खडू घेऊन पुन्हा वर्गात गेलो.

याच दिवसांत तिच्या आईनं मला गाठलं. शाळा सुटली होती, ती खिचडीच्या शेडपुढं पातेलं घासत बसली होती आणि मी मोटारसायकल काढत होतो. आमची सातवी झाली की पुढची शाळा रेणापूरला. तिचं म्हणणं तिनं हात न थांबवता मांडलं. तिची बहीण शिरूर अनंतपाळला असते, कामावर जाते, घरात दोन लहान लेकरं आहेत. सांभाळायला हिला मागते आहे. आता सातवी झाल्यावर धाडायचं की पुढं शिकवायचं, ते तिला ठरवायचं होतं.

"तुम्ही खरं सांगा, सर. हिला येतंय का? येत असंल तर रेणापूरला घालते. उगं बाकावर बसून यायलाली असंल तर तिकडं जाऊन चार कामं तरी शिकंल."

उत्तर एका शब्दाचं होतं. मी म्हणालो, "भेट होऊ द्या, ताई. मग सांगतो."

भेटीच्या दिवशी साहेब अकराच्या सुमारास आले. परिपाठाचे फलक, हात धुण्याची जागा, पुस्तकांचं कपाट सगळं पाहून ते सातवीत आले आणि मागच्या बाकावर बसले. मुख्याध्यापक दाराशी उभे राहिले. मी पाठ सुरू केला. प्रश्न विचारला की सगळ्या वर्गाचे हात वर. मी उजव्या हाताच्या पोरांना उठवत गेलो आणि उत्तरं नळाला पाणी यावं तशी येत गेली. नावाड्यानं नाव का विकली? बिकॉज द ब्रिज वॉज बिल्ट. तो नदीवर का जातो? बिकॉज ही लव्हज द रिव्हर. मुख्याध्यापकांचा चेहरा मोकळा झाला होता.

ती मुलगी खिडकीजवळच्या बाकावर बसायची. खिडकीपलीकडं खिचडीचं शेड होतं. चहाचा ट्रे आत न्यायचा म्हणून तिची आई खिडकीबाहेर येऊन थांबली होती. डोक्यावरून पदर, हातात ट्रे. ती माझ्याकडे पाहत नव्हती. लेकीच्या हाताकडे पाहत होती. प्रत्येक प्रश्नाला तो डावाच हात वर जात होता. आमचा नियम आम्हाला गुपित वाटायचा, पण ज्या गावातली पोरं वर्गात बसतात त्या गावाला काय ठाऊक नसतं?

पाठ संपत आला तेव्हा साहेब उठून पुढं आले. आवाज मऊ होता.

"मीही शिक्षक होतो, सर," ते म्हणाले. "आता डाव्या हातवाल्यांतलं कुणीतरी सांगू द्या."

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. वर असलेले काही डावे हात खाली आले, काही तसेच राहिले, काय करावं ते कुणालाच कळेना. त्या मुलीचा हात वरच होता. साहेबांनी तिलाच उठवलं.

"सांग बाळ, म्हातारा रोज नदीवर का जातो? मराठीत सांगितलंस तरी चालेल."

ती उभी राहिली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मला नुसती मान हलवायची होती. सांग, एवढंच. ती मान माझीच होती आणि ती मी हलवली नाही. मग तिनं खिडकीकडे एकदा पाहिलं, बाकाकडे पाहिलं आणि म्हणाली, "मला येत नाही, सर."

साहेब बस म्हणाले. ते तिच्यावर चिडले नाहीत, माझ्यावरही चिडले नाहीत. नियम त्यांनाही माहीत होता आणि तो खरा निघाला, एवढंच झालं. डावा हात वर करणाऱ्या मुलीला उत्तर येत नव्हतं. शेरेबुकात त्यांनी इंग्रजीची तयारी समाधानकारक असं लिहिलं आणि मागे राहिलेल्यांकडे लक्ष द्यावं अशी एक ओळ जोडली. मुख्याध्यापकांनी गाडी गेल्यावर खुर्चीत अंग टाकलं. वाचलो, म्हणाले. पेढे आणायला कुणाला तरी स्टँडवर पाठवलं.

शाळा सुटताना मी शेडजवळून जात होतो. तिची आई शेगडीतली राख काढत होती. तिनं मान वर केली नाही.

"झालं, सर. तुम्ही भेट होऊ द्या म्हणला होता. कळलं मला."

मी मोटारसायकलला किक मारली. लातूरच्या घरापर्यंत मी मनात किती तरी उत्तरं तयार केली. ती तिच्यासमोर सुचली नव्हती असं म्हणणं खोटं होईल. सुचली होती. प्रत्येक उत्तरात मला स्वतःचं नाव घ्यावं लागत होतं.

दुसऱ्या दिवशी मी वाट काढायचा प्रयत्न केला. तिला जाऊन सांगितलं की तुमची मुलगी हुशार आहे, रेणापूरला घाला. तिनं ऐकून घेतलं.

"तुम्ही समद्यांनाच हुशार म्हणता, सर. नापास तर कुणालाच करत न्हाई. येत न्हाई म्हणून माझ्या कानानं ऐकलंय, तिच्याच तोंडून."

तिचं म्हणणं बरोबर होतं. आम्ही सगळ्यांना हुशार म्हणत आलो होतो, म्हणून तो शब्द आता कशालाच उपयोगी नव्हता.

मी आणखी काही दिवस ढकलले. परीक्षेला वेळ आहे, एप्रिलमध्ये बोलू, सुट्टीत तिच्या बहिणीचाच विचार बदलेल, असं काहीबाही. त्या दिवसांत ती मुलगी वर्गात असून नसल्यासारखी झाली. सुतळीवरची चिठ्ठी न्यायची, पण दुसऱ्या दिवशी फक्त अर्थ सांगून बसायची. शेजारणीच्या लिहिण्यावर आता तिची एकही रेघ दिसायची नाही. शेजारीण खुश होती.

मग एका साध्या दिवशी, भेट नाही, साहेब नाहीत, मुख्याध्यापकही तालुक्याला गेलेले, मी सहज एक सोपा प्रश्न विचारला. पाच-सहा हात वर आले. तिचाही आला. डावा.

नियम लागू नव्हता. बाकीच्या पोरांना ते कळत होतं, तिला कळत नव्हतं असं नाही. मी तो हात बघत राहिलो. मग पुढचा प्रश्न कोणता विचारायचा ते मला आठवेना.

त्या संध्याकाळी मी मुख्याध्यापकांना फोन केला आणि मी तिच्या आईला खरं सांगणार आहे असं म्हणालो. ते माणूस म्हणून वाईट नाहीत. त्यांना निवृत्तीला थोडा काळ राहिला आहे आणि शाळा आपल्या कारकिर्दीत बंद पडू नये एवढंच त्यांना हवं आहे. ते म्हणाले, ती बाई सांज व्हायच्या आत गावभर करेल, शाळा समितीत विषय निघेल, व्हॅनमध्ये आणखी दोन पोरं चढतील. शेवटी ते म्हणाले, "सांगा. पण माझं नाव मधे घेऊ नका. हात वर करायला मी शिकवलं नव्हतं." ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर मी शेडमध्ये गेलो. ती उद्याचे तांदूळ निवडत बसली होती. मी समोरच्या पोत्यावर बसलो आणि सांगितलं. नियम काय होता, डावा हात म्हणजे काय, तो हात मी वर करायला लावला, का लावला. तिला येत होतं म्हणून लावला. तिचं उत्तर माझ्यापेक्षा चांगलं होतं आणि साहेबांसमोर मला ते पेललं नसतं म्हणून लावला. साहेबांनी तिला उठवलं तेव्हा ती माझ्याकडे बघत होती आणि मी गप्प राहिलो.

तिनं सूप खाली ठेवलं. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं पोरीला हाक मारली.

ती आली, दाराशी उभी राहिली. आईनं विचारलं, "सर म्हणायलेत, तुला येत होतं. खरं का?"

"न्हाई," ती म्हणाली. "मला येत न्हाई."

मला ते अपेक्षित नव्हतं. मी कबुली घेऊन आलो होतो आणि ती कबुली खोटी ठरत होती. आईनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की आता तुमचं काय म्हणणं? मी मुलीला म्हणालो, नावाडी नदीवर का जातो ते सांग. तिनं लगेच सांगितलं, बिकॉज ही लव्हज द रिव्हर. मी म्हणालो, ते गाइडाचं. तुझं सांग.

"माझं चुकीचं होतं, सर."

मग मला दुसरं काही सुचलं नाही म्हणून मी ती गोष्ट तिच्या आईला मराठीत सांगायला लागलो. नदी, नाव, पूल, मुलाचं घर. ती ऐकत होती, हात पुन्हा तांदळात गेला होता. उंबऱ्यावरच्या वाटीपाशी आल्यावर मी थांबलो आणि मुलीला म्हणालो, पुढचं तू सांग. ती बोलेना. ती आईकडे बघत होती, आणि तिचा चेहरा मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसला. ती घाबरली होती. मला नाही, आईला.

"सांग," आई म्हणाली.

मुलगी खाली बघून बोलली. "त्याची सून जेवण उंबऱ्यावर ठेवती. आत या म्हणत न्हाई. म्हणून तो रोज बाहेर जातो. नदीचं नुसतं निमित्त हाय."

तेव्हा मला त्यांच्या घरातला म्हातारा आठवला. तिचे आजोबा, म्हणजे तिच्या आईचे सासरे. ते रोज सकाळी बसथांब्याच्या शेडमध्ये येऊन बसायचे. कुठल्याच गाडीत चढायचे नाहीत. मी येता-जाता त्यांना पाहत होतो आणि म्हाताऱ्या माणसाला रस्ता बघायची हौस असते असं समजत होतो. साहेबांनी मराठीत सांग म्हटलं तेव्हा तिनं खिडकीकडे का पाहिलं होतं, तेही मला तिथं कळलं. माझ्या सांगण्यामुळं ती गप्प बसली की आई बाहेर उभी होती म्हणून, हे मी तिला आजवर विचारलेलं नाही. त्यातलं माझं जे होतं ते माझंच आहे.

तिच्या आईनं बराच वेळ तांदळातला खडा बोटानं बाजूला केला नाही, नुसता दाबून धरला. मग विचारलं, "हे असंच लिवलंय? इंग्रजीत?"

"हाव," मुलगी म्हणाली.

"पुस्तकात असलं बी अस्तंय?"

मुलगी पळत जाऊन पुस्तक घेऊन आली आणि तिनं त्या वाक्याखाली बोट ठेवून ते वाचलं. आधी इंग्रजीत, मग मराठीत. वाचताना ती कुठंच अडखळली नाही. आईला अक्षर कळत नव्हतं तरी ती त्या बोटाकडे बघत राहिली.

"जा वर्गात," ती शेवटी म्हणाली. आणि मला, मान न वळवता, "तुम्ही बी जा, सर."

मुख्याध्यापकांची भीती खरी ठरली नाही. तिनं गावात कुणाला काही सांगितलं नाही. समितीत विषय निघाला नाही. व्हॅनमध्ये जायची तेवढी पोरं गेली, पण ती आधीच ठरलेली होती. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, तसं वाटलं नाही. तिनं मला गावापुढं उभं केलं असतं तर मी काहीतरी बोललो असतो. ती गप्प राहिली आणि मग एप्रिल संपेपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही. लेकीचं काय ठरवलं, ते विचारायचा हक्क मला राहिला नव्हता.

निकालाच्या दिवशी ती दाखला न्यायला आली. चौकट धरूनच उभी राहिली. मुख्याध्यापक बसा म्हणाले, ती न्हाई म्हणाली. पुढची शाळा कोणती, असं त्यांनी लिहिता लिहिता विचारलं. मी शेजारच्या टेबलावर निकालपत्रकं लावत होतो. माझा हात थांबला.

"रेणापूर," ती म्हणाली.

घरात काय बदललं ते मला माहीत नाही. मुलीचे आजोबा अजून थांब्यावर बसलेले दिसतात. सकाळी आठच्या एसटीला त्यांच्याशेजारी ती दप्तर मांडीवर घेऊन बसलेली असते, एवढं मी पाहतो. गाडी आली की ती चढते, ते बसून राहतात. मी मोटारसायकल सावकाश करतो. ती नमस्कार करते, मी करतो. रेणापूरला प्रश्न विचारल्यावर ती कोणता हात वर करते, किंवा करते की नाही, ते मला कळायला मार्ग नाही. कधीतरी थांबून विचारीन असं रोज वाटतं आणि गाडी निघून जाते.

वर्गात मी नियम मोडून टाकला. पुढच्या भेटीला दुसरे साहेब आले. माझ्या प्रश्नाला चार हात वर आले, त्यातली दोन उत्तरं चुकली आणि तिसऱ्या पोरानं मला असं काही विचारलं की मला बघून सांगतो म्हणावं लागलं. शेरा बरा पडला नाही. मुख्याध्यापक आठवडाभर माझ्याशी तुटक बोलले. नावाड्याची गोष्ट आली तेव्हा मी गाइडातलं उत्तर फळ्यावर लिहिलं, त्याच्या शेजारी त्या मुलीचं उत्तर लिहिलं, आणि कोणतं बरोबर ते पुस्तकातून दाखवा म्हणालो. पोरं भांडली. मला त्यांच्यातून वाट काढता आली नाही, पण तास वाईट गेला नाही.

तिची आई अजून खिचडी शिजवते. अकराला सगळ्यांचा चहा तीच आणते. मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवते, लहान वर्गांच्या बाईंच्या हातात देते. माझा कप ती वर्गाच्या उंबऱ्यावर ठेवून जाते. पहिल्या दिवशी मला वाटलं, हातात दुसरं काही असेल. आता रोज तास मधे थांबवून मी दाराशी जातो, वाकतो आणि कप उचलतो. पोरांना वाटतं, सरांचा चहा तिथंच ठेवायची पद्धत आहे.